हात न लावता

३ नोव्हेंबर, सोमवार

चिरंजीवास,

आईचा आशीर्वाद. तू मागितला नाहीस, पण आशीर्वादाचं वेगळं तिकीट लागत नाही, म्हणून पाठवते.

तुझं जाडजूड पत्र मिळालं. तीन वर्षांत "मी बरा आहे" यापलीकडे तू काही लिहिलं नव्हतंस, त्यामुळे पाकीट मी दोनदा हातावर तोलून बघितलं. वाटलं, अंथरुणाला खिळलास की काय. उघडलं तर दोन म्हाताऱ्या पंडितांचं भांडण! एक म्हणे थंडीत शेगडीच्या खोलीत कोंडून घेऊन विचार करत बसला आणि म्हणाला, डोळे-कान फसवतात, खरं ज्ञान बुद्धीतूनच निघतं, काही गोष्टी तर माणूस जन्मतानाच बरोबर घेऊन येतो. दुसरा म्हणाला, छे, मन म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर जे उमटतं ते डोळ्यांनी, हातांनी, कानांनी. दोघांना जाऊन तीनशे वर्षं उलटली आणि तुमच्या कॉलेजात अजून त्यांच्या वतीने कपबश्या आपटतात. तुझे मोठे सर शेगडीवाल्याच्या बाजूचे, तू कोऱ्या पाटीवाल्याच्या. एवढं मला समजलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर समजलं, मॅट्रिकच्या जोरावर.

मी कुणाच्या बाजूची, असं तू गमतीने विचारलंयस. मला सांगता येईना. देव मी कधी पाहिला नाही, तरी तो आहे हे मला स्वयंपाकघराच्या भिंतीइतकं पक्कं माहीत आहे. तिथे मी शेगडीवाल्याची. पण वहीत तेल शिल्लक दिसत असलं तरी मी डब्यात वाकून बघते, आणि डबाच खरा धरते. तिथे मी पाटीवाल्याची. आता एका बाईला दोन्हीकडे मत देता येतं का?

मग शेवटच्या पानांवर आत्या आली. जिला जन्मापासून उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसलं नाही, तिला सेहेचाळिसाव्या वर्षी एक डोळा मिळतोय, आणि येत्या सोमवारी पट्टी सुटतेय. बाकीच्या डॉक्टरांनी हात झटकले होते, या डॉक्टरीणबाई तूच शोधून दिल्यास, हे मी विसरलेले नाही. पण आत्याची प्रकृती तू एका ओळीत विचारलीस आणि ठोकळा दीड पान! त्या पाटीवाल्याला म्हणे त्याच्या एका स्नेह्याने पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला हाताने चाचपून ठोकळा आणि गोळा ओळखता येतो, त्याला एकाएकी दिसायला लागलं, तर हात न लावता तो सांगू शकेल का, कुठला कोणता? तू लिहितोस, "आई, हे एकदाच करता येतं. पट्टी सुटल्या सुटल्या, तिने कशालाही हात लावायच्या आधी. सुताराकडून एकाच लाकडाचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे दोन करून घे."

करीन. पण तुला हे कशासाठी हवंय ते मी ओळखून आहे, आणि आत्याही ओळखून आहे.

त्या दिवशीचं उकरायचं नाही असं मी देवापुढे ठरवलं होतं. विषय तूच काढलास. तीन वर्षांपूर्वी तुझे सर जेवायला आले होते. आत्या खिडकीशी बसून म्हणाली, "आज आकाश निळंशार असणार, हवाच तशी सुटलीय." किती साधं बोलणं! आणि तू सरांकडे बघत म्हणालास, "आत्या, निळं म्हणजे काय हे तुला माहीतच नाही. तुझ्याकडे नुसते आमचे ऐकलेले शब्द आहेत. रिकामी पाकिटं." तुझा ताप जी थर्मामीटरच्या आधी ओळखायची, त्या बाईला. ती उठली, आणि ज्या घरात ती कधी कशाला अडखळली नव्हती त्या घरात दाराच्या चौकटीवर आपटली. बाबा म्हणाले, "माफी माग तिची." तू म्हणालास, "चूक असेन तर मागेन. चूक दाखवा." बाबा म्हणाले, "मग चूक सापडेपर्यंत या घरात येऊ नकोस." बापलेक दोघेही शब्दाचे पक्के. मधल्यामध्ये मी.

आत्या ऑपरेशनला इतकी पटकन का तयार झाली हे मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

दूध उतू जायला आलंय. बुद्धीने नाही कळलं, आवाजाने कळलं.

तुझी आई


१२ नोव्हेंबर, बुधवार

चिरंजीवास,

दिसलं. आधी तेवढं लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता सावकाश सांगते.

खोली लहान होती. करडा पडदा, एक लोखंडी कपाट, चाकांचं टेबल. डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून उजेड कमी केला आणि पट्टी उलगडायला घेतली. आत्याने माझं बोट असं धरलं होतं की माझ्या नखाखाली अजून दुखतंय. शेवटचा कापूस निघाला. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "अगं बाई, केवढा हा गोंगाट!"

आम्ही सगळे गप्प होतो.

"गोंगाट कुठे, वन्सं?" मी विचारलं.

"डोळ्यात गं. सगळं एकदम बोलतंय."

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "मी दिसते का तुम्हाला?"

"काहीतरी हलतंय, आणि त्याच्यातून तुमचा आवाज येतोय," आत्या म्हणाली. बाई हसल्या. बाबा मघापासून चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्याला लावलाच नाही. बहिणीला पहिल्यांदा दिसलं तेव्हा भावाने चष्मा हातात धरला होता. मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही, हसावं की काय करावं.

मग मी पिशवीतून काढून ते टेबलावर मांडलं. म्हटलं, "वन्सं, हात मांडीवर ठेवा. हात न लावता बघा आणि सांगा, यातला ठोकळा कुठला आणि गोळा कुठला."

तिने मान इकडे केली, तिकडे केली. पुढे वाकली. पुष्कळ वेळ तशीच राहिली, जशी ती कारखान्यात वेताने विणताना खुर्चीच्या बैठकीवर वाकून असते. मग म्हणाली, "हा या बाजूचा ठोकळा. तो गोळा."

बरोबर! मी पदराचा आडोसा करून जागा बदलल्या. परत बरोबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कसं काय? अशी माणसं तर आपल्या घरचं माणूससुद्धा ओळखत नाहीत." त्यांनी ते आपल्या कागदांत टिपून घेतलं.

म्हणजे तुझा पक्ष हरला म्हणायचा ना? हाताने जे कळलं ते डोळ्यालाही आपोआप कळलं, म्हणजे ते आधीपासून आत कुठेतरी होतं. शेगडीवाला जिंकला. मला फार आनंद झाला, आणि लगेच वाटलं, मुलगा हरल्याचा आनंद आईला होतो हे काही बरं नाही.

सुताराचं विचारशील, तर त्याच्याकडे कामं फार होती. घरातलंच घेतलं. माप दोन्हींचं सारखं होतं, ते मी दोऱ्याने मोजून बघितलं होतं. तेवढं पुरे.

बाहेर आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "लिहिणार आहेस का त्याला?" म्हटलं, लिहिणार. "नीट लिही," म्हणाले. नीट लिहिलंय.

तुझी आई


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चिरंजीवास,

तू आत्याला लिहिलेलं पत्र मिळालं. मीच वाचून दाखवलं. "आत्या, मी चूक होतो. तुझे शब्द रिकामे नव्हते, तुला सगळं आधीपासून माहीत होतं, मी दिलगीर आहे." इथवर मी वाचलं, पुढचं माझ्या हातातून घेऊन बाबांनी वाचलं. तू सरांना सांगितलंस, त्यांनी सगळ्या विभागाला चहा पाजला, तू भर वर्गात उभं राहून आपली बाजू सोडलीस, हे वाचताना बाबा दोन वेळा खाकरले.

मग त्यांनी कानावरची छापखान्यातली पेन्सिल काढली. तू "दिलगिर" लिहिलं होतंस, त्यातली वेलांटी त्यांनी दुसरी केली आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं. तुला माहीत आहे, जो मजकूर छापायचाच नाही त्याचं प्रूफ ते तपासत बसत नाहीत. रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "येऊ दे त्याला."

तेव्हा तू लिहिल्याप्रमाणे सात तारखेच्या रविवारी ये. मी गादी उन्हात टाकलीय.

आत्या पत्र संपताच उठली. कपडे भिजवायला निघून गेली. आनंदाने बोलता येत नसेल, असं मी धरलंय.

तिचं तसं सगळंच अवघड झालंय. जिना तिला पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखा दिसतो, त्यावर पाय कुठे ठेवायचा ते समजत नाही. म्हणून ती डोळा मिटते आणि धडाधड उतरून जाते. रस्त्यावर समोरून माणूस आलं की तिला वाटतं ते फुगतंय. लांबचं माणूस लहान दिसतं हे तिला पटतच नाही, म्हणते, "माणूस काय पिठाचा गोळा आहे, लहान-मोठा व्हायला?" कोनाड्यातली देवाची तसबीर ती जन्मभर रोज पुसते. परवा तिकडे बोट करून मला म्हणाली, "वहिनी, भिंतीला हा डाग कसला पडलाय?" मी हात जोडले. कुणाची क्षमा मागितली ते मलाच माहीत नाही.

कारखान्यात तर मोठीच पंचाईत. खुर्चीच्या चौकटीला कडेने भोकं असतात, पाण्यात भिजवलेली वेताची पट्टी एकातून खाली आणि शेजारच्यातून वर. हे ती झोपेत करील. पण डोळा उघडा असला की म्हणते, भोकं पळतात. एक बैठक पूर्ण उसवावी लागली. मुकादम म्हणाला, "बाई, डोळा घरी ठेवून येत चला." सगळे हसले, तीही हसली. आता डोळ्यावर रुमाल बांधून विणते. इतका खटाटोप करून डोळा आणला आणि त्याला रुमालात बांधून ठेवला. दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टरीणबाई मागतायत, ती म्हणते, "आधी एकाचं काय करायचं ते ठरू दे."

ते पंडित कधी कुणाला डोळा आल्यावर त्याच्या घरी राहिले होते का रे? विचार सरांना.

तुझी आई


२७ नोव्हेंबर, गुरुवार

चिरंजीवास,

हे पत्र लिहायचं की नाही यात माझे दोन दिवस गेले. आत्याने सांगितलं म्हणून लिहितेय. माझ्यावर असतं तर कदाचित लिहिलं नसतं, आणि तू रविवारी आला असतास, आणि सगळं गोडीगुलाबीत झालं असतं.

मंगळवारी ती बाबांच्या सदऱ्याला साबण लावत होती. मी शेजारी पिळत होते. मध्येच म्हणाली, "वहिनी, ही तीच वडी ना?"

"कुठली तीच?"

"दवाखान्यातली. ठोकळा."

माझ्या हातातला सदरा तसाच राहिला. म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वासावरून! आणि दुसरं संत्रं होतं. नंतर मीच नाही का खाल्लं? आंबट निघालं मेलं."

होय, बाळा. मी सुताराकडे गेलेच नव्हते. लाकडाचा ठोकळा आणि लाकडाचा गोळा नंतर घरात काय कामाचे? धुण्याचा साबण मी लांब कांडीचा आणते आणि दोऱ्याने कापते. तोच मापाने चौकोनी कापला. संत्रं त्याच मापाचं निवडलं. म्हटलं साबण कपड्यांना जाईल, संत्रं पोटात जाईल, काही वाया जायला नको. दवाखान्यात औषधांचा इतका वास होता की साबण-संत्र्याला वास असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"म्हणजे तुम्ही बघितलं नाहीत?" मी विचारलं.

"बघितलं की! वास घेऊन बघितलं. तू म्हणालीस, हात न लावता बघा. नाक लावू नका असं कुठे म्हणालीस?"

"वन्सं, बघा म्हणजे डोळ्यांनी बघा!"

"ते मला काय ठाऊक?" ती खरंच रागावली. "जन्मभर तुम्ही सगळे मला सांगताय, आमटी चाखून बघ, कापड हात लावून बघ, दार वाजतंय का ऐकून बघ, भात लागला का वास घेऊन बघ. आणि मी चिडले की, जरा विचार करून बघ. यात डोळा कधी आला होता? मी आपलं नेहमीसारखं बघितलं."

मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. खरंच आहे रे. आपण बोलतोच तसं. जिभेने असो, हाताने असो, बुद्धीने असो, शेवटी "बघ." तुझ्या दोन्ही पंडितांचं भांडण आपण एका शब्दात मिटवून टाकलंय, नाहीतर असं गुंतवून ठेवलंय की कधी सुटूच नये. मला कळत नाही.

मग मी विचारलं, "पण डोळा उघडा होता ना? डोळ्याने काय दिसलं?"

तिने साबण खाली ठेवला. "दोन काहीतरी होते. एक बोचत होतं, एक बोचत नव्हतं. टोकं असतात तसं. पण ते आधीच बोचत होतं की साबणाचा वास आल्यावर बोचायला लागलं, ते मला सांगता येत नाही. मी खूप आठवून बघितलं." आणि लगेच म्हणाली, "बघ, परत बघितलंच म्हणाले."

तेव्हा तूही विचारशील तेच मी केलं. काल सुताराकडे गेले, बसून दोन लाकडी करून घेतले, एकाच फळीचे, त्यावर रंगसुद्धा दिला नाही. घरी येऊन मांडले. आत्या लांबूनच म्हणाली, "तो ठोकळा. त्याला कोपरे आहेत." मी खूश! ती म्हणाली, "खूश काय होतेस? पंधरा दिवस मी घरभर हेच करतेय. पेटी बघायची, मग हात लावायचा. तांब्या बघायचा, मग हात लावायचा. आता मला कोपरा दिसतो तेव्हा बोटालाच लागतो." म्हणजे पाटी भरली. तू लिहिलं होतंस, हे एकदाच करता येतं. ते एकदा मी साबणावर घालवलं. मी म्हटलं, दुसरा डोळा अजून बंद आहे, त्याच्यावर करता येईल का? ती म्हणाली, "दुसरा डोळा काय वेगळ्या घरात राहतो?"

आता खरं सांगायचं ते.

मी तिला म्हटलं, "वन्सं, राहू दे. तो येतोय, हे 'येऊ दे' म्हणालेत. कळलं काय, न कळलं काय. पुढचं पुढे."

ती म्हणाली, "नाही वहिनी. कळव त्याला."

"अहो, पण त्याने माफी मागितलीय!"

"कुणाची? ठोकळ्याची मागितली. ठोकळा चुकला असता तर मागणार नव्हता. मला साबणाची माफी नको."

 मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू? तो बरोबरच होता. दवाखान्याच्या फाटकाशी तू मला आकाश दाखवलंस, हे बघा निळं, म्हणालीस. माझं निळं तसं नव्हतंच. माझं गार होतं. लांबून वारा यावा तसं. रिकामं नव्हतं हं, काहीतरी होतं त्याच्यात. पण हे नव्हतं. मी डोळा करून घेतला तो त्याला खोटं पाडायला. आणि डोळ्याने मलाच खोटं पाडलं."

"मग भांडण कशाचं राहिलं?" मी विचारलं.

"बरोबर असलं म्हणजे माफी मागायची नसते का?" ती म्हणाली.

बाळा, हे तुझ्या पुस्तकात कुठल्या पंडिताकडे आहे? मी तुझं पत्र परत वाचलं. मला सापडलं नाही.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. साबण, संत्रं, निळं. ते कितीतरी वेळ नखं बघत बसले. मग म्हणाले, "छापलेल्यात चूक निघाली तर शुद्धिपत्र काढावं लागतं." मी म्हटलं, "आणि तो आलाच नाही तर?" म्हणाले, "तरी काढावं लागतं."

हे ते शुद्धिपत्र. चूक माझी, काटकसरीची. माझ्यामुळे तुला सगळ्यांसमोर आपली बाजू सोडावी लागली, आता सरांकडे परत तोंड घेऊन जावं लागेल. तू आत्याला लिहिलेलं परत घेणार असशील तर तसं स्पष्ट लिही. वाचून मीच दाखवणार आहे, त्यामुळे जरा जपून लिही. नाही, जपूनही लिहू नकोस. काय ते तुझं तू ठरव, माझी बुद्धी चालत नाही.

गादी अजून उन्हातच टाकतेय.

तुझी आई


३ डिसेंबर, बुधवार

चिरंजीवास,

तुझं पत्र काल सकाळी आलं. पाकीट पातळ होतं, त्यामुळे मी आधी देवापाशी ठेवलं, मग उघडलं. आत्या कारखान्यातून आली, तिने पाय धुतले, रुमाल सोडला, आणि म्हणाली, "हं, वाच."

तू लिहिलंयस: "आत्या, मी बरोबर आहे की चूक हे आता मला माहीत नाही, आणि कधी कळेल असं वाटत नाही. पण त्या दिवशी ते मी ज्ञानासाठी बोललोच नव्हतो. सरांसमोर मोठं दिसायला बोललो. तू समोर होतीस म्हणून तुझ्यावर बोललो. त्याची मला लाज वाटते. येऊ का?"

मी वाचून संपवलं. आत्या म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. ती म्हणाली, "यात ठोकळा नाही ना कुठे?" म्हटलं, नाही. संत्रंही नाही. तेव्हा ती हसली, आणि मग हसता हसता पदर डोळ्याला लावला. नव्या डोळ्यातून पाणी येतं, बंद डोळ्यातूनही येतं. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, चालतं का.

"त्याला लिही, ये," ती म्हणाली. "मात्र निळ्याबद्दल मी बोलणार आणि तो ऐकणार. मध्ये बोलायचं नाही."

बाबांनी पत्र हातात घेऊन वाचलं. एकही खूण केली नाही. मी घाबरले. म्हटलं, "काय झालं? पटलं नाही?" म्हणाले, "चूकच नाही कुठे." आणि ते खिशात न ठेवता त्यांनी आत्याच्या हातात दिलं. तिने ते बोटांनी कडेकडेने चाचपलं, मग डोळ्याजवळ नेलं, मग परत चाचपलं.

संध्याकाळी एक नवीनच निघालं. आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, तो दिसतो कसा? सांगून ठेव. नाहीतर रविवारी दार उघडेन आणि त्यालाच डाग म्हणेन." मी म्हटलं, सोपं आहे. सांगायला लागले. उंच आहे, बाबांपेक्षा चार बोटं. नाक माझ्या वडिलांचं. हसला की आधी डावा गाल हसतो. आणि सांगता सांगता मीच अडखळले. तीन वर्षांत तुझी अंगकाठी तशीच राहिली असेल का? दाढी ठेवली असशील का? मी सांगत होते ते पाहिलेलं होतं की मनाने रचलेलं, मला ओळखू येईना. तू लिहिलं होतंस ना, शेगडीवाल्याला जसं सगळं स्वप्न आहे की काय असं झालं होतं, तसं मला माझ्या मुलाच्या नाकाबद्दल झालं.

आत्याने माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. पुढे सांगू नकोस. तू सांगितलंस तर तो आल्यावर मला तुझं सांगितलेलंच दिसेल. मला तो दिसू दे."

"आणि ओळखू आला नाही तर?"

"नाही तर नाही. मी आणि तो बसू. हळूहळू येईल ओळखू."

तेव्हा असं ठरलंय की रविवारपर्यंत घरात तुझ्याबद्दल कुणी बोलायचं नाही. तुझं नाक नाही, उंची नाही, तू कसा चालतोस ते नाही. मला दिवसभरात दहा वेळा तोंडाशी येतं आणि मी ते गिळते. काल रात्रीच बाबांनी भिंतीवरचा तुझा कॉलेजातला फोटो उतरवला आणि कपाटात कपड्यांखाली पालथा ठेवला. तीन वर्षांच्या एवढ्या रागात त्यांनी तो कधी काढला नव्हता. काल काढला, तू येणार म्हणून.

तुझी आई